सुटली एकदाची

जिन्याच्या वळणावर उभं राहून, एका कानात बोट खुपसून कवळीकाका फोनवर ओरडले, "सुटली हो भाऊ, सुटली एकदाची! चौघं आहेत, चौघं!"

झालं! घोळ झाला तो इथेच. घरात रेंज धड नाही आणि गच्चीत वारा, म्हणून काका बोलायला या वळणावर येत. वळणासमोर शेजारच्या मावशींचं दार. ते बंद असलं तरी मावशींचे कान काही बंद नसत.

काका दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवायचे, म्हणून बिल्डिंगीत त्यांना कवळीकाका म्हणत. जन्म सगळा दात घासण्यात गेला, स्वतःचे नव्हे, दुसऱ्यांचे. त्याच हातांनी त्यांनी काचेचा आरसा घासून दुर्बीण बनवली होती. पोस्टातून रिटायर झालेले भाऊ हे त्यांचे या वेडातले एकुलते एक भागीदार. थंडी पडली, मृग नक्षत्र संध्याकाळीच वर आलं, की दोघंही आपापल्या गच्चीत. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली एक पुसट डाग दिसतो. तो तेजोमेघ. त्याच्या आत चार कोवळे तारे, नुकतेच जन्मलेले. हे दोघे त्यांना सरळ 'पोरं' म्हणत. दुर्बिणीत ती पोरं एकमेकांना चिकटून एकच ठिपका झालेली असली की "अजून अडकलीत" म्हणायचं, आणि नजर स्थिर होऊन वेगवेगळी दिसली की "सुटली". आता ही दोघांची भाषा. मावशींना ती कुणी शिकवली होती?

मावशींनी दाराला कान लावला. पुढचं असं ऐकू आलं: "आत्ताच हो, पाच मिनिटं नाही झाली! नवजातच म्हणायची... छे छे, एक अंगानं मोठं आहे, बाकीची बारीक. पण निळी, भाऊ! चौघंही निळी!"

निळं पडलेलं बाळ म्हणजे जिवावरचं, एवढं मावशींना कळत होतं. काकांची एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात होती, आणि गेल्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा मावशीच काकूंपाशी रडायला बसल्या होत्या.

त्या दिवसाचं काकांना विचाराल तर ते सांगणार नाहीत. तिचा फोन आला तो नेमका त्यांनीच उचलला. पलीकडे मुलगी नुसती रडत होती. काकांच्या तोंडातून एवढंच निघालं, "थांब हं, आईला देतो." दिला. त्यानंतर काकांनी फोन उचलला की मुलगीच म्हणे, "आईला द्या." वर्षभरात बापलेकीत याहून जास्त बोलणं झालं नाही. काका ते कुणापाशी बोलत नसत, पण ते त्यांना आतून पोखरत होतं. गच्चीतल्या त्या फेऱ्या तरी दुसऱ्या कशासाठी होत्या म्हणता? घरात बसून फोनकडे बघत राहवत नव्हतं.

मावशींची खालची कवळी काकांच्याच हातची. ती दुसऱ्याच दिवशी टोचायला लागली आणि मावशी सकाळी सकाळी डॉक्टरांच्या खुर्चीत. काका कामावर पोचले तेव्हा डॉक्टर हात पुढे करून उभे होते.

"काका, अभिनंदन! चौघं?"

काकांना वाटलं, भाऊंनी सगळीकडे सांगितलेलं दिसतंय. ते लाजले. "हो. फार वाट बघायला लावली."

"अहो, असं नेहमी होत नाही!"

"तसं होतं हो. लोक वर बघत नाहीत, एवढंच."

डॉक्टरांना हे श्रद्धेचं वाक्य वाटलं. "आणि निळी आहेत म्हणे? काचेत ठेवलीत का?"

"काचेतूनच बघावी लागतात. नुसत्या डोळ्यांना काय दिसणार, नुसतं धुकं."

"जवळ जाता येत नाही?"

"कुठलं जवळ! फार लांब आहेत डॉक्टर. आपण नुसतं बघायचं."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "पण... टिकतील ना?"

काकांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी हातातला प्लॅस्टरचा जबडा खाली ठेवला आणि मनापासून उत्तर दिलं. "ही अशी निळी असतात ना, ती लवकर जातात. जोर फार, म्हणून जळूनही लवकर जातात. बारकी, लालसर असतात ती टिकतात बिचारी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि काकांना सुट्टी दिली. काकांनी सुट्टी कधी नाकारली नव्हती. ते आकाश स्वच्छ आहे का बघत घरी आले. जिन्यात वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर त्यांना बघून भिंतीला चिकटला, एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि दारात कुणीतरी न सांगता जेवणाचा डबा ठेवला होता. काकांना वाटलं, आपल्या छंदाची लोकांना फारच कदर आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना या बिल्डिंगीबद्दल आपुलकी वाटली.

काकू तेव्हा बहिणीकडे होत्या, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मावशींनी त्यांना तिथे फोन लावला. "काकू, धीर धरा. देव एकदम चार देतो आणि..." पुढे मावशींना हुंदका फुटला.

काकूंना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा रडू येण्याआधी राग आला. "म्हणजे दिवस गेले, बाळंत झाली, आणि मला पत्ता नाही? ह्यांना सांगितलं? ह्यांना? ह्यांना भाजीत मीठ नाही हे पण सांगावं लागतं!" त्यांनी थेट मुलीला फोन लावला आणि दहा मिनिटं तिला एक शब्द बोलू दिला नाही.

संध्याकाळी काकांचा फोन वाजला. नाव बघून ते धावत जिन्याच्या वळणावर आले. सवयीने मागे वळून हाक मारायला तोंड उघडलं, पण द्यायला आई घरात नव्हती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझी चार बाळं कुठे आहेत?"

"अगं, कसली बाळं?"

"आई रडतेय. मावशींनी थेट माझ्या ऑफिसात फोन केला, देवाचा अंगारा पाठवतेय म्हणून. तो शिपायाने उचलला आणि मला येऊन विचारतो, ताई, तुम्ही हिंडताय कशा?"

काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. डॉक्टर, चष्मा, डबा, पदर. "अरे देवा! ती... ती म्हणजे तारे गं. मृगातली. नवीन जन्मलेली. आम्ही त्यांना सुटली म्हणतो..."

ती म्हणाली, "तारे. चार ताऱ्यांबद्दल तुम्ही जिन्यात उभं राहून ओरडलात. माझ्या एकाबद्दल तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, बाबा. एक."

दारामागे मावशींनी तोंडावर हात ठेवला.

काका पायरीवर बसले. फोन बंद झाला असं वाटून मुलगी "हॅलो?" म्हणाली, तेव्हा ते बोलायला लागले.

"मला बोलता नाही आलं गं. त्या दिवशी कामावर गेलो. घरी बसवेना. एका म्हाताऱ्याची कवळी करत होतो. डोळ्यांना सारखं पाणी, समोरचं दिसेना. पुढचे दात चार असतात, मी पाच लावले."

"काय?"

"पाच. मधोमध एक जास्त. तशीच भट्टीत घातली, तशीच पॉलिश केली. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात बसवली तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही. तुला सांगणार कसं? तू तिकडे रडतेयस आणि मी सांगू, मी एक दात जास्त लावला?"

पलीकडून एक विचित्र आवाज आला. ती रडत होती की हसत होती, काकांना कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं.

"मग?" तिने नाक ओढत विचारलं. "नवीन करून दिली का त्यांना?"

"डॉक्टर म्हणाले, फुकट करून देतो. म्हातारा ऐकायलाच तयार नाही. काढूच देईना."

"का?"

"म्हणाला, बायको गेल्यापासून माझ्या तोंडाकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. आता जो तो बघतो."