एकही प्रश्न न विचारणारा पेनड्राइव्ह

संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं म्हणजे कुकर लावण्याइतकं सोपं काम, असं चारुदत्त प्रधान सरांचं ठाम मत होतं. पनवेलला तीस वर्षं संगणक शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. उलव्याच्या महिला बचत गटाला एका कंपनीने नऊ जुने लॅपटॉप दिले होते. वर्षभर घरोघरी मुलांनी वापरून ते इतके मंदावले, की चालू करून मेथीची जुडी निवडून झाली तरी पडदा उजळत नसे. सरांनी गटाच्या अध्यक्ष दमयंती घरत यांना शब्द दिला, "फुकटची, मराठीतली सिस्टिम देतो. पण टाकायची तुम्ही बायकांनीच. मी हातसुद्धा लावणार नाही."

पहिली चाचणी दमयंतीताईंवरच झाली, सरांच्या घरी. त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला हात मागे घेतला.

"सर, टाइम झोन कंचा म्हणून विचारतंय. उलव्याचा येगला हाय का?"

"नाही हो. सगळ्या भारताचा एकच."

"मंग विचारतंय कशाला?"

सरांना ते पटलं. आठवडाभर खपून त्यांनी तो प्रश्न काढून टाकला. पुढच्या खेपेला कीबोर्डाचा प्रश्न गेला, त्याच्या पुढच्या खेपेला देशाचा. मग डिस्कचे भाग पाडण्याचं, म्हणजे 'पार्टिशन' आलं.

"ते नको, सर," दमयंतीताई म्हणाल्या. "आमच्याकडं जमिनीचं पार्टिशन चाललंय. तिघं दीर एकामेकांशी बोलत नाय. आता ह्याच्यात पण?"

पार्टिशनही गेलं. सर आता इरेला पेटले होते. शेवटी एकच प्रश्न उरला. जुनी माहिती पुसायची का, असा तो इंग्रजीत, लाल अक्षरांत यायचा. दमयंतीताईंनी तो नुसता पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

"काय झालं?"

"लाल दिसलं का भ्या वाटतं."

सरांनी तोही काढला. त्या जागी जास्वंदीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'निवांत बसा. सगळं होतंय.' आता पेनड्राइव्ह लावायचा, यंत्र चालू करायचं, बस. चाचण्यांसाठी घरच्या संगणकालाही त्यांनी सवय लावून ठेवली होती, की चालू होताना आधी पेनड्राइव्ह वाचायचा.

शनिवारी सर बाजारात गेले असताना त्यांच्या पत्नी रुचिराबाई संगणकापुढे बसल्या. त्या दहावीच्या संस्कृतच्या शिकवण्या घेत. सोमवारी मुलांची परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिका झेरॉक्सला द्यायची होती. ती न्यायला टेबलावरचा पेनड्राइव्ह दिसला, तो त्यांनी लावला आणि संगणक चालू केला.

सर परतले तेव्हा बाई खुशीत होत्या. "अहो, किती छान केलंत हो. फुलं आली, निवांत बसा म्हणाला. मी बसले. आता सगळं मराठीत दिसतंय. फक्त माझे पेपर कुठे ठेवलेत ते सांगा."

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसले. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका अकरा मिनिटांत पुसल्या गेल्या होत्या.

"तुम्ही दुसरी प्रत ठेवली होतीत ना?"

"ठेवली होती," सर म्हणाले. "याच संगणकात."

रुचिराबाईंनी कागद-पेन घेतलं आणि नवी प्रश्नपत्रिका लिहायला बसल्या. "माळा झाडणारी जनीसुद्धा विचारते, वहिनी, हे टाकू का," एवढंच त्या खाली मान घालून म्हणाल्या.

ते सरांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते थेट उलव्याला गेले आणि दमयंतीताईंना सगळं सांगितलं.

"प्रश्न नको असं मी कवा बोलले?" ताई म्हणाल्या. "समजंल असा पायजे."

"मग तुम्हीच सांगा, कसा विचारू?"

ताई सांगत गेल्या आणि सर जसंच्या तसं लिहीत गेले. 'ह्याच्यात पोरांचे फोटो, शाळेचा अभ्यास, जे काय असंल ते सगळं जाईल. परत मिळणार नाय. घरात विचारलं का?' खाली दोन बटणं, 'विचारलं' आणि 'थांब, विचारते'.

पुढच्या रविवारी गटाच्या खोलीत नऊ जणी लॅपटॉप घेऊन बसल्या. सर इस्त्रीचा सदरा घालून, मदतीला तयार, मधोमध उभे. पाच मिनिटांत प्रश्न आला आणि नऊही जणींनी 'थांब, विचारते' दाबलं. खोलीत नऊ फोन एकदम सुरू झाले. कुणाच्या सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो निघाले, कुणाच्या नवऱ्याचे जमिनीचे कागद. ज्याचं जे होतं ते बायकांनी एकमेकींना विचारत दुसरीकडे उतरवून घेतलं. मग एकेकीचा पडदा मराठीत उजळू लागला. सरांना कुणी हाक मारली नाही.

दुपारी एकच लॅपटॉप राहिला होता. साठीच्या मैनाबाई त्याच्यापुढे हात बांधून बसल्या होत्या. सर लगबगीने गेले, शेजारी खुर्ची ओढली.

"काय अडलं, मैनाबाई?"

"अडलं काय नाय. पोरगा फोन उचलत नाय, त्याची वाट बघते."

"मी थांबतो ना. काही लागलं तर सांगा."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तुमी जावा घरी, सर. जेवायची वेळ झाली. येवढं सोपं काम, ह्याला मास्तर कशाला लागतोय?"

हेच वाक्य ऐकण्यासाठी सर तीन महिने झटले होते. ते "बरं" म्हणाले, आणि मुलाने फोन उचलेपर्यंत तिथेच बसून राहिले.