लिमयेने खरंच सोडली

सुधीर लिमयेला राजीनामा द्यायला फारसं कारण लागत नाही. इथे परदेशात, गुंगालिन उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचं सेक्रेटरीपद, कुणीतरी उपासाच्या खिचडीत कोथिंबीर घातली म्हणून त्याने सोडलं. बॅडमिंटनचा ग्रुप तर तो महिन्याआड सोडतो आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी कोर्टवर हजर असतो. "माझ्या तत्त्वात बसत नाही!" म्हणत तो ताडकन उठला की आम्ही त्याचा चहा झाकून ठेवतो. निवेपर्यंत येतोच.

नोकरी मात्र त्याला सोडवेना, आणि सोडण्यासारखं सगळं तिथेच होतं. आम्ही सकाळी एकाच ट्रामने सिटीत जायचो. त्याचा नवा बॉस मीटिंगमध्ये त्याच्या इंग्रजीची नक्कल करायचा, बाकीचे हसायचे. पुढे त्याला मीटिंगलाच बोलवेनात.

"अरे, सोड ना," मी म्हणायचो.

"बघू. माधवीकडे बोलू नकोस हं."

बायकोला कळू नये एवढंच; तत्त्वाचं नावही नाही.

एका सकाळी त्याचं टेबल फोटोकॉपीच्या खोलीत हलवलेलं दिसलं. अंगातला कोटही न काढता तो मागे फिरला आणि राजीनामा देऊन आला. मंडळात हशा पिकला. "घेईल मागे सोमवारी!" या वेळी त्याने घेतला नाही.

दुसरी नोकरी मिळेना, तेव्हा बेकारभत्त्याचा विषय निघाला. नोकरी आपणहून सोडली तर इथे भत्त्यासाठी बरेच आठवडे थांबावं लागतं. तिथे राहणं अशक्य होतं असं पटवून दिलं तर सुटका. मी म्हटलं, आपल्या लिमयेला हे काय अवघड! तो, माधवी आणि मी, तिघेही भत्त्याच्या कचेरीत गेलो.

काउंटरवरची बाई मायाळू होती. "तिथे तुम्हाला कुणी त्रास दिला का? सांगा, मी तशी नोंद करते."

लिमयेने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "नो, नो. व्हेरी गुड पीपल. मीच कंटाळलो."

मी त्याला कोपराने ढोसलं. तो हलला नाही. बाईने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग भत्त्यासाठी थांबणं आलंच.

माधवी कॉफी आणायला गेली तसा मी भडकलो. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"रोज जेवताना तिला सांगायचो रे, बॉसचं माझ्यावाचून कसं पान हलत नाही ते," तो बुटांकडे बघत म्हणाला. "ती इतकी हसायची. इथे तिला दुसरं आहे कोण? ते सगळं खोटं होतं हे तिने एका परक्या बाईसमोर ऐकायचं?"

तो पार्किंगकडे गेला. माधवी कॉफी घेऊन आली आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

"झोपेत सॉरी सॉरी म्हणतो," ती हळूच म्हणाली. "इंग्रजीतून. कधीपासूनचा. मला कळलंय हे त्याला सांगू नका."

परतताना गाडीत माधवीच म्हणाली, "सुधीर, तुझा बॉस तुला सुट्टी द्यायला तयारच नव्हता, तेव्हा काय झालं होतं रे? यांना सांग ना."

लिमयेने घसा खाकरून सांगायला सुरुवात केली. माधवी योग्य त्या जागी हसली. मी खिडकीबाहेर बघत होतो.