गिरजाबाईंच्या फोटोवर संरक्षक थर

प्रफुलच्या मुलीचं नाव खुशबू ठेवलं, ते साल २०२३. माणसापेक्षा माणसाचा फोटो जास्त जपावा लागतो, हे त्याच साली भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये, एका कंपनी क्वार्टरात, पद्धतशीरपणे सिद्ध झालं. फोटोला हवा बाधते, ऊन बाधतं, बोट बाधतं. माणसालाही हे सगळं बाधतं, पण माणूस कुरकुर करतो. फोटो गुपचूप फिका पडतो. म्हणून शहाणे लोक आधी फोटोकडे लक्ष देतात.

जुलैत, नामकरणाच्या दिवशी, खुशबूची मूठ आजीच्या चष्म्याच्या दोरीत अडकली आणि गिरजाबाई खळखळून हसल्या. नेमका तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रफुलने फोटो काढला. संसाराच्या पन्नास वर्षांत गिरजाबाईंचे एकूण अकरा फोटो निघाले. आधीच्या दहांत त्या रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात (त्यातल्या दोनांत त्या खरोखरच रांगेत होत्या). हसरा हा एकच. मोबाइलवर त्यांना दाखवला, पण मोतीबिंदूमुळे त्यांना नुसता एक पांढरा ठिपका दिसला (ते दात होते).

"मी हासतो तवा कशी दिसतो, हे मले मालूमच नाही," त्या म्हणाल्या.

म्हणून प्रफुलने रायपूरहून तो फोटो जाड सुती कागदावर, दोन फूट बाय तीन फूट, छापून आणला. छापणाऱ्याने बजावलं होतं की ही शाई कागदावर नुसती बसलेली असते. बोट लागलं तर उठेल, ओल लागली तर पसरेल. वरून संरक्षक थर फवारला, तर शंभर वर्षं काळजी नाही. सोबत डबाही दिला. डब्यावर लिहिलं होतं: छापील कागद एक दिवस वाळू द्या, फूटभर अंतरावरून तीन पातळ हात फवारा, दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं थांबा, मग एक दिवस हात लावू नका. काम दोन दिवसांचं.

पण घरात जानराव होते. गिरजाबाईंच्या या यजमानांनी पोलादाच्या प्लांटमध्ये, पेंटिंग गँगमध्ये, बत्तीस वर्षं काढली होती. गर्डर, क्रेन, चिमणीची शिडी, सगळं त्यांच्या ब्रशाखालून गेलेलं. रंग सुटला की लोखंड जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गिरजाबाईंना ते तसं जाऊ देणार नव्हते.

"बाबा, पंधरा मिनिट लिहिलं आहे," प्रफुल म्हणाला.

"लिहिनाऱ्यानं भिलाईची धूळ पाह्यली का?"

"ये स्प्रे है बाबा, चिमनी नहीं."

"चिमनीलेही मी तीनच हात मारले होते. अजून उभी हाय."

पंधरा मिनिटांचे चार दिवस झाले आणि शेवटच्या एका दिवसाचे चौदा. प्लांटात याला सुरक्षेचा गुणक म्हणतात. फोटो आतल्या खोलीत पातळ कागदाखाली झाकला गेला. खोलीत जायला परमिट लागू झालं. परमिटावर कामाचं स्वरूप लिहायचं. गिरजाबाईंनी "पाहाचं हाय" असं लिहवून घेतलं. पाहणे हे काम नव्हे, या कारणाने अर्ज नामंजूर झाला.

ऑगस्टात हवेत ओल होती, म्हणून काम थांबलं. सप्टेंबरातही होती. ऑक्टोबरात प्लांटची तांबडी धूळ उठली. मग दिवाळी आली आणि फटाक्यांचा धूर. नोव्हेंबरच्या मध्यावर हवा अनुकूल झाली, तेव्हा घराची पाहणी झाली. पंखा बंद. झाडू बंद. खुशबूची पावडर बंद (सुनबाई आम्रपालीने लेखी निषेध नोंदवला). आणि तेलकट वाफेपैकी साठ टक्के वाफ गिरजाबाईंच्या फोडणीतून निघते, असं आढळलं. उरलेली चाळीस टक्के त्या फोडणीबद्दल काही बोललं की निघे.

ठरलं असं की फोटो सुरक्षित होईपर्यंत गिरजाबाईंनी दुर्गला, मोहन नगरात, धाकट्या बहिणीकडे रंभाकडे राहावं.

"माहाच फोटो, अन मीच घराबाहेर?"

"पंधरा-वीस दिवसाची गोष्ट हाय. तुह्यासाठीच करून राह्यलो ना."

"मग एकडाव पाहू त दे."

"कागद उचलला का धूळ बसते. कावून समजत नाही तुले?"

त्या गेल्या. सोळा तारखेला पहिला हात, वीसला दुसरा. रोज संध्याकाळी मोहन नगरहून फोन येई.

"मी वाळली का?"

"दुसरा हात वाळून राह्यला."

"तिसरा जपून मारजो. जास्त गोरी झाली त रंभी वळखनार नाही मले." मागून रंभाबाईंचं हसणं ऐकू येई.

चोवीसला तिसरा हात झाला. जानरावांनी तिरप्या उजेडात बारा मिनिटं तपासणी केली आणि वहीत लिहिलं: बुडबुडा नाही, ओघळ नाही, धुळीचा कण नाही. हसण्यासाठी रकाना नव्हता. फोटोला मोकळीक आठ डिसेंबरला.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी गिरजाबाई फोनवर म्हणाल्या, "उद्या येतो. दारातूनच पाहीन, हात नाही लावत."

"आठ तारखेले ये. चांगला ठनठनीत वाळू दे."

"बरं बापा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन रंभाबाईंचा आला.

पाच डिसेंबरला गिरजाबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मेणबत्त्या आल्या, हार आला. प्रफुल आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. "बाबा, आता तरी काढू?"

"तीन दिवस राह्यले," जानराव म्हणाले. हे ते इतकं हळू बोलले की प्रफुल आईचं आधार कार्ड शोधायला वळला. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवण्यात आला. त्यात गिरजाबाई रेशनच्या रांगेत होत्या.

आठ तारखेला, ठरल्याप्रमाणे, हसरा फोटो बाहेर निघाला. थर अप्रतिम बसला आहे. बोट लावा, शाई उठत नाही. ओला फडका फिरवा, काही होत नाही. जानराव रोज खुर्ची ओढून समोर बसतात आणि दुपारपर्यंत उठत नाहीत. कामाच्या दर्जाबद्दल कोणाचीही तक्रार नाही.

वाचकांपैकी काहींना जानरावांचा राग येईल. त्यांनी आपल्या कपाटात काचेआड ठेवलेला कपबशांचा नवा सेट कोणत्या पाहुण्यासाठी आहे, ते मनातल्या मनात सांगावं. आणि तो पाहुणा घरातच राहत नाही ना, ते एकदा आत जाऊन पाहून घ्यावं.

गिरजाबाई जानराव शेंडे, वय एकाहत्तर, बुधवार दिनांक २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी सव्वासहा वाजता मोहन नगर, दुर्ग इथे वारल्या.