मागच्या खोलीतलं परगाव

आमच्या घरात कोणताही निर्णय वजन केल्याशिवाय घेतला जात नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचं बोट पारड्याखाली गेलं की मला ते रस्त्यापलीकडून दिसतं. त्यामुळे चित्रकलेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तीन संस्थांनी माझ्या पत्नीला एकदमच बोलावलं, तेव्हा तौलनिक मूल्यमापनाची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली.

पहिली संस्था परगावची; वसतिगृहात राहून शिकायचं. छापचित्रांत तिचा हात धरणारी दुसरी संस्था नाही, असं पत्नीचं म्हणणं. दुसरी गावातलीच, पण तिथे चित्रं कमी काढतात आणि चित्रांविषयी चर्चाच जास्त करतात. तिसरी घरबसल्या, आपण चित्राचा फोटो पाठवायचा आणि शिक्षक तो पाहून 'छान' असं कळवणार. तिसरीला मी सर्वाधिक गुण दिले.

"अहो, पण मला छापायला शिकायचंय," पत्नी म्हणाली. "त्याला यंत्र लागतं. ते फोटोत कसं मावेल?"

"निकष एकच," मी समजावलं. "घरावर पडणारा भार."

विरोध कुणाचाच नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे. आई तर म्हणाली, "मी कधी आड आले का तुझ्या? खुशाल शीक. फक्त सकाळचा स्वयंपाक उरकून जात जा." परगाव रात्रभराच्या प्रवासावर होतं.

पत्नी पहिल्या संस्थेवर ठाम होती आणि तिथला प्रवेश महिनाअखेरपर्यंत पक्का करायचा होता. कोणतंही माप चाचणीशिवाय बाजारात येत नाही, तेव्हा पत्नीच्या अनुपस्थितीचीही आधी चाचणी घ्यावी, असं मी सुचवलं. मागची खोली परगाव म्हणून घोषित झाली. तिने तिथे राहून चित्रं काढायची आणि आम्ही ती नाहीच असं समजून घर चालवायचं. ती रंगांची पेटी उचलून परगावी गेली.

पहिल्याच सकाळी मिक्सरचं झाकण सापडेना. नियम म्हणजे नियम, म्हणून मी दार न ठोठावता फोन केला. "ओट्याखालच्या कपाटात," हे उत्तर मला दोनदा ऐकू आलं. एकदा फोनमधून, एकदा दारातून. धाकट्याने निबंधाची वही दाराखालून आत सरकवली. थोरलीने दार किलकिलं करून वेणीसाठी नुसतं डोकं आत दिलं. आई तर "परगावी भेटायला आलेय" म्हणत धुतलेल्या कपड्यांचं बोचकंच घेऊन गेली.

"नाहीतरी बसूनच आहेस," ती म्हणाली. "तेवढ्या घड्या घालून टाक."

आठवड्याने मी निष्कर्ष वाचून दाखवला. परगावी असूनही पत्नीने झाकण शोधलं, निबंध तपासला, वेण्या घातल्या, कपड्यांच्या घड्या केल्या. सबब तिची अनुपस्थिती समाधानकारक झालेली नाही. दोष अर्थातच तिचा होता. चाचणीला महिनाअखेरच्याही पुढे मुदतवाढ देण्यात आली. "बरं," एवढंच ती म्हणाली.

नव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी धाकट्याचे मोजे मिळेनात. मी फोन लावला.

"दोरीवर असतील. ओलेच," ती म्हणाली. मागे कुणीतरी हसत होतं आणि एखादं जड चाक फिरत असावं तसा आवाज येत होता. या वेळी उत्तर मला एकदाच ऐकू आलं.

मी दार उघडलं. पलंगावर घडी घातलेले कपडे होते. पेटी नव्हती, ब्रश नव्हते, तीही नव्हती.

"कुठे आहेस तू?"

"परगावी."

"अगं, पण चाचणी संपायची होती."

"माझी जागा मी पहिल्याच आठवड्यात पक्की केली. तालीम तुमची चालली होती."

"गेलीस कधी? कशी?"

"परवा संध्याकाळी. समोरच्या दाराने, मुलांचा निरोप घेऊन. तुम्ही तिथेच पेपर वाचत होतात. मी नाहीच असं समजायचं ठरलं होतं ना?" ती पुढे म्हणाली, "सुट्टीत येईन. ठेवते आता, शाई वाळतेय."

मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. साहेब, शेजारी, माझी सख्खी बहीण, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग मुलांचं काय?" विचारताना प्रत्येक जण माझ्याकडेच बघत होता. बहिणीने विचारलं तेव्हा तर मी हातात फडकं घेऊन ओट्यापाशी उभा होतो. मुलांना मात्र तो प्रश्न पडलेला दिसला नाही. थोरली फक्त म्हणाली, "बाबा, डबा."

वाचकहो, ती गेली हे वाचताच तुमच्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. नाही म्हणू नका, रस्त्यापलीकडून दिसतंय. मुलांचा बाप पहिल्या ओळीपासून तुमच्याशीच बोलतोय, तरी तुम्हाला मुलांचं कसं होणार याची काळजी. ते पारड्याखालचं बोट जरा काढून घ्या. मी डबे भरून आलोच.