पृष्ठ पासष्ट ते ऐंशी

पुस्तक लिहिणं ही माणसाची खाजगी बाब असली, तरी ते 'सप्रेम भेट' देणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे. मुदखेडच्या एका सरकारी कार्यालयातले आवक-जावक लिपिक वैजनाथ टेकाळे यांनी हे कर्तव्य ज्या निष्ठेनं पार पाडलं, तिला तोड नाही. वैजनाथराव स्वतंत्र लेखक आहेत. स्वतंत्र लेखक म्हणजे ज्याला प्रकाशक नाही असा लेखक. (प्रकाशक असलेल्या लेखकाला वाचक नसतात. स्वतंत्र लेखकाला दोन्ही नसतात. फरक केवळ तांत्रिक आहे.)

त्यांची कादंबरी 'धुरपता निघाली' एकशे ब्याण्णव पानांची. नवऱ्याचं घर सोडून निघालेली धुरपता पत्र्याची पेटी घेऊन मुदखेड जंक्शनवरून गाडीनं निघते, एवढंच कथानक. पण ते लिहायला त्यांना अकरा वर्षं लागली. नाव नको, पुरस्कार नको, असं ते खरोखर म्हणायचे. कुणीतरी एकानं ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ही मागणी फार मोठी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर नांदेडला प्रकाशन झालं. छपाईच्या तीनशे प्रतींपैकी दोनशे बारा प्रती सप्रेम भेट गेल्या. वैजनाथरावांनी घरी रीतसर नोंदवही घातली: पुस्तक गेलं की जावक, अभिप्राय आला की आवक. फेब्रुवारीपर्यंत जावक दोनशे बारा, आवक सदतीस. सदतीसपैकी एकोणतीस जणांनी पुस्तक 'एका बैठकीत' वाचून काढलं होतं. (त्यातल्या तिघांचा अभिप्राय आला तेव्हा पुस्तक अजून कुरिअरवाल्याकडेच होतं. वाचनाचा इतका वेग अन्य भाषांत आढळत नाही.)

सप्रेम भेट मिळालेल्या वाचकांचे चार प्रकार शासनमान्य नसले, तरी सर्वमान्य आहेत. पहिला, मुखपृष्ठासोबत स्वतःचा फोटो काढून फेसबुकवर टाकणारे. दुसरा, प्रस्तावना वाचून अभिप्राय देणारे. यांना अभ्यासू म्हणतात. चौथा, तेच पुस्तक पुढं दुसऱ्या कुणाला सप्रेम भेट देणारे. साहित्याचा खरा प्रसार यांच्यामुळेच होतो. उदगीरला एका सत्कारात खुद्द वैजनाथरावांना त्यांचीच कादंबरी, सहीचं पान तेवढं फाडून, भेट मिळाली होती. ती त्यांनी हात जोडून स्वीकारली आणि आभाराचं भाषणही केलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी लातूरहून फोन आला.

"सर, मी लुंबिनी बोलून राहिले. नीटची तयारी करते. पानांच्या डोक्यावर कादंबरीचं नाव होतं, त्यावरनं तुमचा नंबर फेसबुकवरून घेतला. तुमची सोळा पानं माझ्या जीवशास्त्राच्या नोट्समध्ये हायत. म्हंजे माझी सोळा तुमच्याकडं असतील. बघा बरं जरा, पासष्ट ते ऐंशी. परीक्षा जवळ आली हो."

वैजनाथरावांनी मुद्रितं सात वेळा तपासली होती, त्यामुळे छापून आलेलं पुस्तक उघडायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत काढली. चौसष्टावं पान संपत होतं: 'धुरपतानं पेटी उचलली, एकदा मागं वळून पाहिलं आणि'. पासष्टावं सुरू होत होतं: 'खालीलपैकी एकबीजपत्री वनस्पती कोणती? (अ) तूर (ब) हरभरा (क) ज्वारी (ड) सोयाबीन'.

त्यांनी दुसरी प्रत उघडली. ज्वारी. तिसरी उघडली. ज्वारीच.

कारण साधं होतं. कादंबरी आणि एका क्लासच्या नोट्स लातूरच्या एकाच छापखान्यात, एकाच आकारात निघाल्या होत्या. सोळा-सोळा पानांचे फर्मे रचताना एक गठ्ठा इकडचा तिकडे गेला. पानांचे आकडे मात्र बरोबर जुळत होते आणि बांधणी करणारा आकडे बघतो, धुरपता बघत नाही.

वैजनाथरावांनी आवक नोंदवही उघडली. निवृत्त प्राध्यापक सिद्धेश्वर सरांनी लिहिलं होतं, 'मधल्या भागात लेखक अचानक वाचकालाच प्रश्न विचारतो, पर्याय देतो आणि उत्तर त्याच्या सदसद्विवेकावर सोपवतो. असा धाडसी प्रयोग पंचवीस वर्षांत झाला नाही.' निदान सरांनी पुस्तक चाळलं तरी होतं. मग उदगीरच्या मास्तर मित्राला, चंद्रप्पाला, त्यांनी फोन लावला.

"चंद्रप्पा, बहात्तराव्या पानावरचा प्रसंग कसा वाटला?"

"काय सांगू वैजनाथराव! लई रडलो. दिवसभर घरात कुणाशी बोललो न्हाई."

बहात्तराव्या पानावर मक्याच्या कणसाची आकृती होती, भागांना नावे द्या.

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी उज्वलाबाई भाकरी थापत होत्या. पुस्तक कुठवर आलं, असं वैजनाथरावांनी त्यांना विचारलं. "अहो, वाचूनच राहिले की मी," त्या म्हणाल्या. पुस्तक देवघराच्या फळीवर होतं आणि खुणेला घातलेला उदबत्तीचा कागद प्रकाशनापासून नवव्या पानावर स्थिर होता.  वैजनाथरावांना फार एकटं वाटलं. अकरा वर्षांत लिहिताना कधी वाटलं नव्हतं, इतकं.

शेवटी त्यांनी लुंबिनीला परत फोन लावला. पानं कापून पाठवतो म्हणाले आणि ठेवता ठेवता विचारलं, "ती सोळा पानं तू, म्हणजे, चाळली का?"

"वाचली की. दोनदा. आधी वाटलं, यावर बी प्रश्न येतील. सर, एक इचारू? सत्तराव्या पानावर धुरपताच्या हातात पेटी हाय. चौऱ्याहत्तरवर ती दोन्ही हातांनी पदर आवरत गाडीत चढते. मग पेटी गेली कुठं?"

 अकरा वर्षं, सात मुद्रितं, एक प्रस्तावना, आणि पेटी हरवलेली कुणालाच दिसली नव्हती. लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. वैजनाथरावांचे डोळे भरून आले. आपली चूक कुणीतरी धरली, याचा एवढा आनंद सरकारी नोकरीत त्यांना कधी मिळाला नव्हता.

"आन सर, ती गेली का परत आली? माझ्याकडं नुसती मधलीच गोष्ट हाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते एसटीनं लातूरला गेले. सोबत वनस्पतींची सोळा पानं आणि कादंबरीची एक प्रत होती. पहिल्या पानावर या वेळी सप्रेम भेट नव्हतं. लिहिलं होतं, 'पेटी फलाटावर राहिली. चूक माझी.' आज 'धुरपता निघाली' या कादंबरीची संपूर्ण प्रत जगात एकच आहे आणि ती लातूरच्या एका वसतिगृहात, दोन पुस्तकांत विभागून ठेवलेली आहे.

बारा दिवसांनी तिचा फोन आला. "सर, शेवट काय पटला न्हाई. पेटीसाठी तरी उतरली असती ती."

वैजनाथरावांनी नोंदवहीतल्या सदतीस नोंदी लाल शाईनं रद्द केल्या आणि खाली लिहिलं: आवक एक. सध्या ते दुसरी आवृत्ती तयार करून राहिले आहेत. तीत पेटी आहे.

आता उरला वाचकांचा तिसरा प्रकार. वर प्रकार चार आहेत असं सांगून पहिला, दुसरा आणि चौथा एवढेच दिले आहेत. तिसरा राहिला हे ज्यांच्या तिथल्या तिथं लक्षात आलं, त्यांनी लुंबिनीशेजारी बसावं. बाकीच्यांनी जागा शोधत हिंडू नये. तिसरा प्रकार त्यांच्यासाठीच मोकळा ठेवला होता. त्यांचा अभिप्राय मिळाला, असं समजण्यात येईल.