ढग, मुक्काम पोस्ट कच्छचं आखात

पिंपळगाव बसवंतला एप्रिल महिन्यात आभाळाकडे बघून 'ढग येऊ दे' म्हणणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर मार खाऊन वेडा होतो. त्या दिवसांत अख्ख्या तालुक्याचा कांदा उघड्यावर पडलेला असतो. आमचे दगूतात्या मात्र रोज सकाळी कोल्ड स्टोअरेजच्या गेटवर उभे राहून, वायव्येकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणायचे, "ढग येऊ दे! वारा सुटू दे! चार दिवस ऊन दिसायला नको!"

एकदा रस्त्यावर कांदा मार्केटसाठी लागलेल्या रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं हे ऐकलं. तो थेट खालीच उतरला.

"ओ म्हातारबा, माझा कांदा हाय ट्रॉलीत! कुणाला बोलावून ऱ्हायले?"

"तुमच्याकडं नाय हो," तात्या म्हणाले. "कच्छच्या आखातावर पाहिजे."

"मंग पत्ता सांगा ना नीट! वरच्याला काय कळनार?"

तात्यांना हे एकदम पटलं. तेव्हापासून ते पत्त्यासकट मागू लागले. "ढग येऊ दे, मुक्काम पोस्ट कच्छचं आखात, जिल्हा जामनगर. पिंपळगाव बसवंत सोडून." ट्रॅक्टरवालेही हॉर्न मारून विचारायचे, "तात्या, पिनकोड टाकला का?"

तात्या आमच्या कोल्ड स्टोअरेजचे मशीन ऑपरेटर. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. पण त्यांची एकुलती एक मुलगी, मनू, त्या आखातात पाण्याखाली उतरून पोवळ्यांची पाहणी करते. तिथली पोवळी मेली तर पाहणी कशाची करणार? काम बंद, मनू घरी परत. त्यामुळे उन्हाळा लागला की तात्यांची ही हाक सुरू व्हायची.

मला नोकरी मिळाली तीही त्या समुद्रामुळेच. आठवीत शाळा सोडून देवगडाहून इतक्या लांब आलो होतो. कोणी दाखला मागेल ही भीती होती. तात्यांनी एवढंच विचारलं, "गाव कुठलं?"

"देवगड."

"समुद्र दिसतो?"

"घरातनं दिसतो."

"उद्यापासून ये माझ्या हाताखाली."

हे उपकार मी विसरणार नाही. पण मी समुद्राचा जाणकार म्हणून लागलोय आणि होडीत बसलो की मला ओकारी येते, हे कळलं तर काय, या धास्तीत पहिलं वर्ष गेलं. तात्यांनी काही विचारलं की मी चोरून आईला फोन लावायचो. "आई, पाणी गरम लागतं काय गं?" ती म्हणायची, "मेल्या, न्हाणयेतला काय दर्यातला?"

पोवळं म्हणजे नेमकं काय, हे मला समुद्रकाठी नाही, पिंपळगावच्या मशीनरूममध्ये कळलं. "किडा असतो बारका," तात्या सांगायचे. "दगडाचं घर बांधतो आणि शेवाळाला भाडेकरू ठेवतो. भाडेकरू उन्हावर स्वयंपाक करतो, मालक फुकट जेवतो. पण पाणी लय दिवस तापलेलं राहिलं की मालकाचं डोकं फिरतं. भाडेकरूला हाकलतो आणि स्वतः उपाशी बसतो, पांढराफटक. घरमालकाची जात!"

"एका दिवसाच्या उन्हानं?"

"एका दिवसानं काय होतंय? दार एकदा उघडं राहिलं म्हणून आपली द्राक्षं नासतात का? पण एकच डिग्री जास्त, सलग दोन महिने ठेवून बघ! आणि कच्छचं पोवळं म्हणजे आपल्या द्राक्षाच्या वेलीसारखं. थंडीत गारठा खातं, उन्हाळ्यात भट्टी. पूर्वी एखादं वर्ष वाईट जायचं, मग सावरायला चार वर्षं मिळायची. आता श्वास घ्यायला फुरसत नाही बिचाऱ्याला."

आमच्या शेठच्या बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी होती. तात्यांनी ती पाहिली आणि हात जोडले. "शेठ, बोटात मढं घालून फिरता तुम्ही." शेठनं आठवडाभर अंगठी काढून खिशात ठेवली. मंगळ काही बोलला नाही.

यंदाचा उन्हाळा मात्र हटेना. मनूचा फोन आला की तात्या कॉम्प्रेसरच्या धडधडीत ओरडायचे, "किती?" ती पाण्याच्या तापमानाचा आकडा सांगायची आणि तात्यांचा चेहरा उतरायचा. पाणी तापल्याला पाचवा आठवडा झाला, सहावा झाला. कडेची पोवळी पांढरी पडायला लागली. ट्रॅक्टरवाल्यांनीही थट्टा थांबवली. एक जण तर म्हणाला, "माझे दोन ढग घ्या तात्या, पण तिकडं पोचवा."

आणि जूनमध्ये एका दुपारी फोन आला. "बाबा, वारा सुटलाय! आभाळ भरलंय, पाणी उतरायला लागलंय. बरीचशी वाचतील. आणि माझं काम अजून दोन वर्षं चालणार!"

तात्या मशीनरूममध्ये चक्क नाचले. दोन किलो जिलेबी आणून हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांच्या तोंडात कोंबली. मग मला म्हणाले, "घरी चल. एक वस्तू उचलायचीय."

स्टोअरेजचा टेम्पो आणि ड्रायव्हर घेऊन तात्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. पुढची खोली म्हणजे धुरकट भिंती आणि एक सतरंजी. मागच्या खोलीचं दार उघडलं तर ताज्या रंगाचा वास आला. नवी कॉट, नवी गादी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. कोपऱ्यात कोरा कूलर, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"कुणासाठी हो तात्या?"

"मनूला इथं उकडतं फार."

मी म्हणालो, "पण तुम्ही तर रोज ढग मागत होतात."

"मग काय मागायचं? पोरीचं वाटोळं?" तात्यांनी पडद्याची एक चुणी सरळ केली. "ने हा कूलर. पत्र्याखाली झोपतोस तू."

मी कूलर उचलून दारापर्यंत आणला.

"घाई आहे का रे?" तात्यांनी मागून विचारलं. "नाही म्हणजे, चहा टाकला असता."

टेम्पो बाहेर सुरूच होता. मी कूलर खाली ठेवला, ड्रायव्हरला हात करून गाडी बंद करायला सांगितली आणि सतरंजीवर बसलो.