आई-मारू

जपानमधल्या त्सुकुबातल्या त्या घरात स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची खोली यांच्यामध्ये नुसतं कागदी सरकतं दार होतं. दुपारचं जेवण आटोपून सासूबाई पलीकडे झोपल्या आहेत, अशी तेजश्रीची पक्की समजूत होती.

विश्वजितने चहाचा कप पुढे ओढला. "आईचं बूड काही मला ठीक दिसत नाही."

"का? सपाट आहे की छान."

"एका बाजूने फुगलंय. घासायला घेतलं पाहिजे."

"आणि आवाजाचं काय? मागच्या वेळी आई सुरू झाली आणि काठावरची सगळी बदकं उडाली. लोक तक्रार करतील हं."

"जुनं मशीन आहे, आवाज असणारच. रविवारी एकदा पाण्यात ढकलली की सुटलो. तोवर कुठे बोलू नकोस."

आई म्हणजे बोट. कासुमिगाउरा तळ्याकाठी कमळकाकडीची शेती करणाऱ्या नेमोतो-सान नावाच्या आजोबांची ही जुनी एअरबोट. हिचा पंखा पाण्यात नसतो. पाठीवरच्या जाळीदार पिंजऱ्यात माणसाएवढा लाकडी पंखा फिरतो आणि त्या वाऱ्यावर ती गाळातूनसुद्धा घसरत जाते. २०११च्या भूकंपात शेडचं छप्पर तिच्यावर कोसळलं आणि ती तशीच पडून राहिली. कमळकाकडी आणायला गेलेल्या विश्वजितने ती पाहिली, आणि तेव्हापासून या तिघांचे रविवार तिच्या गंजात जाऊ लागले. तेजश्री पंख्याला वॉर्निश लावायची आणि मधूनमधून लेकीच्या, ईश्वरीच्या, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघायची. बोट जमिनीवर असली तरी.

नाव ठेवलं ते सात वर्षांच्या ईश्वरीने. जपानी बोटींच्या नावाच्या शेवटी 'मारू' लावतात आणि जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, असं तिने समजावून सांगितलं. विश्वजितला तर दुप्पट आनंद झाला. मुंबईहून येणाऱ्या आईला सरप्राइज. 'आई-मारू, आई-मारू' म्हणून म्हणून तिघांचे कान इतके सरावले, की मराठी माणसाला ते कसं ऐकू येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तेजश्रीच्या डोक्यात दुसरंच होतं. तिला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती आणि होकार सोमवारी कळवायचा होता. ईश्वरी शाळेतून आली की घरी कोणीतरी हवं. सासूबाई, म्हणजे दमयंतीबाई, "आधी बघते, मग राहायचं ठरवते" असं म्हणून आल्या होत्या. म्हणून गेले काही दिवस तेजश्री वरणातलं मीठसुद्धा दोनदा चाखत होती.

त्या संध्याकाळपासून दमयंतीबाई कुजबुजत बोलायला लागल्या.

"आई, घसा बसला का?"

"नाही गं. म्हटलं, उगाच शेजाऱ्यांना त्रास नको."

जेवायला त्यांनी अर्धी वाटी भात घेतला. "बसून बसून शरीर फुगतं," म्हणाल्या, आणि विश्वजितकडे असं बघितलं की तो स्वतःचं पोट आत ओढून बसला.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी सॉक्स चढवताना गुणगुणत होती, "आई मारू, आई मारू."

"कुणी शिकवलं हे?" दमयंतीबाईंनी हळूच विचारलं.

"कुणीच नाही, माझंच आहे. बाबांना तर खूप आवडलं. पण सीक्रेट आहे, आजी."

दुपारी त्यांनी मुंबईला भावाला, प्रल्हादला, फोन लावला. त्या परतीच्या तिकिटाबद्दल बोलतायत हे तेजश्रीने कपडे वाळत घालता घालता ऐकलं आणि तिच्या हातातला चिमटा खाली पडला. कुठे चुकलं? वरण? गादी पातळ? तिने संध्याकाळी मुद्दाम शिरा केला.

"घ्या ना अजून, आई. रविवारपर्यंत कळ काढा. मग बघा, सगळं कसं हलकं हलकं वाटेल."

दमयंतीबाईंचा चमचा हवेत थांबला. "त्या तळ्याला खोली किती आहे?"

"फार नाही," विश्वजित उत्साहाने म्हणाला. "पण गाळ असा आहे, की गेलेली वस्तू परत दिसत नाही."

रविवारी त्या येणार नाहीत असं तेजश्रीला वाटलं होतं. पण त्या आल्या. पासपोर्ट पर्समध्ये, पर्स छातीशी, आणि ईश्वरीचा हात घट्ट धरलेला. पोरीला या दोघांबरोबर एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती.

काठावर नेमोतो-सान कमरेत वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बोटीकडे दाखवलं. ईश्वरीच्या अक्षरावरून त्यांनी गिरवलेली देवनागरी थोडी तिरकी होती, पण वाचता येत होती.

"आई-मारू," दमयंतीबाईंनी वाचलं.

"आई म्हणजे लव्ह, मारू म्हणजे बोट," ईश्वरी म्हणाली. "आणि आई म्हणजे तू पण."

ईश्वरीचा हात सोडून दमयंतीबाईंनी ती अक्षरं पुन्हा वाचली.

"म्हणजे ते बूड?"

"बोटीचं," विश्वजित म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

"आवाज?"

"पंख्याचा."

"पाण्यात ढकलायचं ठरलं होतं ते?"

तेजश्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शिरा, रविवार, हलकं हलकं, सगळं एकदम आठवलं. सोमवारी प्रयोगशाळेला नकार कळवताना कोणते शब्द वापरायचे, हेही तिने मनात जुळवून टाकलं.

दमयंतीबाईंनी पर्स तिच्या हातात दिली, पदर खोचला आणि नेमोतो-साननी पुढे केलेलं लाइफ जॅकेट चढवलं. तेजश्रीने न राहवून पट्टे ओढून बघितले. मग कानांवर आवाज अडवणारे हेडफोन, उंच खुर्ची, आणि पंखा धडधडला. बदकं उडाली. सपाट बुडावर बोट अशी घसरत गेली, की पाणी तिच्याखाली आहे की नाही कळेना. लांबून एक आवाज येत होता. तो इंजिनाचा नव्हता. दमयंतीबाई मोकळ्या गळ्याने हसत होत्या.

परत आल्यावर केस सारखे न करताच त्या म्हणाल्या, "प्रल्हादला कळव रे, तिकीट नको म्हणावं."

नेमोतो-सानही खूश होते. त्यांनी शेडच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली आणखी एक बोट होती, पहिलीपेक्षा जुनी आणि जास्त गंजलेली. दमयंतीबाईंनी तिला फेरी मारली, बोटाने गंज खरवडला, बुडावर टकटक केलं.

"हिला वेळ लागेल. मला राहायलाच हवं."

तेजश्रीचे डोळे भरून आले. "मग हिचं नाव तुम्हीच ठेवा, आई."

"ठेवलं. सून-मारू."

नेमोतो-साननी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. त्यांना फार आवडला. त्यांनी लगेच रंगाचा डबा उघडला.